आईविना आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा सांभाळ

भाद्रपदात रस्त्यावरच्या कुत्र्या माजावर येतात आणि त्यांचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असल्यामुळे बहुतेक पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे नेमकी थंडी पडू लागते तेव्हा जन्माला येतात. मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उभ्या मोटारीखाली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात किंवा गटाराच्या कडेला केकाटणारे एखादे पिल्लू कोणाला तरी सापडते, घरातले मूल ते उचलून आणते आणि सगळे घर त्याच्याभोवती बसून त्याला वाटीतले दूध पाजण्याच्या खटपटीला लागते. माया खरी असते, पण पुष्कळ पिल्ले याच खटपटीत दगावतात. पुढील मजकूर अशा, सहा आठवड्यांच्या आतल्या आणि आईपासून तुटलेल्या पिल्लाविषयी आहे. त्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा असतो तो कामांचा क्रम: आधी ऊब, मग दूध, आणि अंघोळ तर मुळीच नाही.

पिल्लू उचलण्यापूर्वी त्याची आई खरोखरच नाही ना, याची खात्री करून घ्यावी. दूध पाजणाऱ्या कुत्रीला स्वतःच्या पोटासाठी हिंडावे लागते आणि त्यासाठी ती पिल्लांना बराच वेळ एकटे सोडून जाते. पिल्ले स्वच्छ असतील, त्यांची पोटे भरलेली दिसत असतील आणि ती एकमेकांवर ढीग करून निवांत झोपली असतील, तर त्यांची आई जवळपास आहे असे समजावे. जागा रहदारीची किंवा अन्य धोक्याची नसेल, तर दोन-तीन तास लांबून लक्ष ठेवावे. माणसाचा हात लागला की कुत्री पिल्लांना टाकते, ही समजूत निराधार आहे; त्यामुळे वाहनाच्या वाटेतले पिल्लू उचलून दहा पावलांवरच्या आडोशाला ठेवायला हरकत नाही. आई परत आली, तर पिल्लू घरी नेण्याऐवजी आईलाच रोज पोटभर अन्न आणि पाणी द्यावे, कारण तिच्या दुधाची बरोबरी करणारी कोणतीही गोष्ट बाजारात मिळत नाही. आपल्या देशात २०१७ च्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनी आठ आठवड्यांहून लहान पिल्लाच्या विक्रीला मनाई केलेली आहे. या वयापर्यंत पिल्लू आई आणि भावंडांपाशी राहिले पाहिजे, ही गोष्ट विकत घेतलेल्या पिल्लाला जितकी लागू आहे तितकीच गल्लीतल्या पिल्लालाही.

आई नाहीच हे ठरले की पहिला प्रश्न वयाचा येतो, कारण पुढची सगळी व्यवस्था त्यावर अवलंबून असते. डोळे मिटलेले असतील तर पिल्लू दोन आठवड्यांच्या आतले आहे. डोळे साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात आणि सुरुवातीला निळसर, धूसर दिसतात. त्यानंतर काही दिवसांनी कानांची भोके उघडतात. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू डुलत-पडत चालू लागते आणि त्याच सुमारास हिरडीवरून बोट फिरवले तर दुधाच्या दातांची टोके लागू लागतात. व्यवस्थित धावणारे, तोंडभर सुईसारखे दात असलेले आणि बुटाची नाडी ओढणारे पिल्लू पाच-सहा आठवड्यांचे असते, आणि त्याच्या बाबतीत निम्मी काळजी मिटलेली असते.

आता उबेविषयी. नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही, पहिल्या आठवड्यात तर त्याला कुडकुडताही येत नाही. आईची कूस आणि भावंडांचा ढीग हीच त्याची शेगडी असते. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. अशा रात्री उघड्यावर राहिलेले पिल्लू हातात घेतले तर पोटाला आणि तोंडात बोट घातल्यास आतूनही गार लागते. अशा पिल्लाला दूध पाजू नये. शरीर गारठलेले असताना आतड्यांचे काम थांबलेले असते, त्यामुळे दूध पचत नाही, पोट फुगते, आणि गिळण्याची ताकद नसल्याने तेच दूध श्वासनलिकेत उतरते. गुदद्वाराजवळचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तोवर तोंडात काहीही घालू नये. त्याला आधी कोरडे करावे, अंगाशी, शर्टाच्या आत धरावे आणि तासा-दोन तासांत सावकाश गरम होऊ द्यावे. हेअर ड्रायरचा झोत किंवा पेटती शेगडी जवळ आणून घाई केली, तर कातडी भाजते आणि आतले शरीर मात्र गारच राहते.

पहिले पिल्लू आमच्या घरी आले तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. ते चिखलाने माखलेले आणि पिसवांनी भरलेले होते, म्हणून मी त्याला कोमट पाण्याने अंघोळ घातली, टॉवेलने पुसले आणि वर भांडेभर दूध ठेवले. पहाटेपर्यंत ते गेले. पिसवा आणि चिखल आणखी आठ दिवस थांबू शकले असते, हे मला नंतर एका पशुवैद्यांनी समजावून सांगितले.

पिल्लासाठी उंच कडांचा पुठ्ठ्याचा खोका पुरेसा होतो. तळाशी वर्तमानपत्रांचा जाड थर घालून त्यावर जुनी गोधडी किंवा सुती चादर अंथरावी. नुसत्या कागदावर किंवा फरशीवर पिल्लाचे पाय घसरतात आणि मागचे पाय फाकण्याची सवय लागते. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे फार गरम झाल्यास पिल्लाला सरपटत दुसऱ्या बाजूला जाता येते. ही साधी सोय बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खोका सगळीकडून तापवला तर पिल्लाला पळायला जागाच उरत नाही. पिशवी नसेल तर गरम पाणी भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली मोज्यात घालून वापरता येते, मात्र दर दोन-तीन तासांनी पाणी बदलावे लागते, कारण थंड झालेली बाटली उलट पिल्लाचीच ऊब शोषून घेते. पिल्लाभोवतीची हवा पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश, पुढील दोन आठवडे २७ अंशांच्या वर आणि चौथ्या आठवड्यात २४ ते २७ अंश असावी. थर्मामीटर नसला तरी पिल्लू स्वतःच सांगते: फार गरम झाल्यास ते लांब जाऊन पसरून धापा टाकते, गार वाटल्यास मुटकुळे करून केकाटत राहते आणि सगळे ठीक असल्यास झोपेत मधूनमधून पाय झटकत शांत पडून असते.

अंग उबदार झाले की दुधाचा विचार करावा. आपल्या घरांत गाईचे दूध असते आणि ते बाळाला जड पडेल म्हणून त्यात पाणी घालण्याची पद्धत आहे. पिल्लाच्या बाबतीत हे नेमके उलटे आहे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि दुग्धशर्करा मात्र कमी असते. म्हणजे पाणी घातलेल्या गाईच्या दुधाने पिल्लाचे पोट भरल्यासारखे दिसते, पण त्याला पोषण मिळत नाही, आणि न पचलेल्या दुग्धशर्करेमुळे जुलाब लागतात. एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबही सोसत नाहीत. म्हणून पशुऔषधांच्या दुकानातून पिल्लांसाठीची दूधभुकटी आणावी आणि ती डब्यावरील प्रमाणातच, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवावी. रात्री दुकान बंद असेल, तर तेवढ्या रात्रीपुरते कपभर निर्भेळ, तापवून कोमट केलेल्या दुधात एका अंड्याचा फक्त पिवळा बलक फेटून घालावा आणि सकाळी भुकटी आणावी. ही सोय चार दिवस ओढू नये.

दूध पाजताना पिल्लाला माणसाच्या बाळासारखे मांडीवर उताणे घेऊ नये. कुत्रीला लुचताना पिल्लू पोटावर असते, मान किंचित वर असते आणि पुढचे पाय आईच्या पोटाला रेटत असतात. अगदी तसेच त्याला टॉवेलवर पालथे ठेवावे आणि बाटली समोरून, थोडी वरून धरावी. उताण्या पिल्लाच्या नाका-श्वासनलिकेत दूध जाते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया हे हाताने वाढवलेल्या पिल्लांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. निपलचे भोक इतकेच असावे की बाटली उलटी केल्यावर दूध थेंबाथेंबाने गळेल, धार लागणार नाही. निपल पकडता न येणाऱ्या पिल्लाला सुई काढलेल्या १ किंवा २ मिलिलिटरच्या सिरिंजने गालाच्या कडेने एकेक थेंब द्यावा आणि तो गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. नाकातून दूध आले तर लगेच थांबून डोके खाली करावे, नाक पुसावे आणि पुढचे दोन दिवस श्वासाकडे लक्ष ठेवावे.

एका वेळी किती द्यावे, याचा ढोबळ अंदाज १०० ग्रॅम वजनामागे ३ ते ४ मिलिलिटर असा धरता येतो. पहिल्या आठवड्यात रात्र धरून दर दोन-तीन तासांनी, दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी आणि त्यानंतर चार ते सहा तासांनी पाजावे. घरात दोन-तीन माणसे असतील तर रात्रीच्या पाळ्या लावून घ्याव्यात, कारण एकाच माणसाने पहिले दोन आठवडे काढले तर तिसऱ्या रात्रीनंतर गजर ऐकू येईनासा होतो. पिल्लू जोरात केकाटते म्हणून पोट टम्म होईपर्यंत पाजत राहण्याचा मोह आवरावा. पोट भरलेले असावे, ताणलेले नसावे. पाजून झाल्यावर त्याला उभे धरून पाठीवर हळूच थोपटावे म्हणजे गिळलेली हवा निघून जाते. बाटली, निपल आणि सिरिंज प्रत्येक वेळी धुऊन उकळत्या पाण्यातून काढावी; उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

आणखी एक काम आई करते आणि ते नवख्यांना सहसा माहीत नसते. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपण होऊन शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. म्हणून प्रत्येक वेळी पाजण्याआधी किंवा नंतर कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून, पिळून, शेपटीखालच्या आणि मूत्रमार्गाच्या जागेवर मिनिटभर हलकेच फिरवावा. यात कुचराई झाली तर मूत्राशय तुंबून पिल्लू दगावू शकते. लघवीच्या रंगावरही लक्ष असू द्यावे: ती फिकट असेल तर दूध पुरते आहे, गडद पिवळी असेल तर अंगात पाणी कमी पडते आहे.

हे सगळे नीट चालले आहे की नाही, याचा खरा निवाडा स्वयंपाकघरातला वजनकाटा करतो. रोज ठरावीक वेळी पिल्लाला एका भांड्यात ठेवून वजन करावे आणि तारखेसह वहीत लिहावे. निरोगी पिल्लाचे वजन रोज ५ ते १० टक्क्यांनी वाढते. ३०० ग्रॅमच्या पिल्लाने दिवसाला १५ ते ३० ग्रॅम मिळवले पाहिजेत. एक दिवस वजन जागच्या जागी राहिले तर पाजण्याचे प्रमाण तपासावे, आणि घटले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यांना दाखवावे. पिल्लू मलूल दिसण्याच्या आधी वजन थबकते, म्हणून डोळ्यांपेक्षा वहीवर विश्वास ठेवावा.

चौथ्या आठवड्यापासून दुधाच्या जोडीला पातळ अन्न सुरू करता येते. पिल्लांसाठीचे कोरडे खाद्य गरम पाण्यात किंवा त्याच दुधात भिजवून, कुस्करून, पेजेइतके पातळ करावे आणि बशीत द्यावे. पहिल्या दिवशी पिल्लू त्यात चारही पायांनी उभे राहील, ते चालायचेच. घरचे अन्न द्यायचे असल्यास हळद-मीठ-मसाला नसलेले, उकडून बारीक केलेले कोंबडीचे मांस, उकडलेले अंडे, मऊ भात आणि थोडे ताजे दही असे द्यावे. दूध-पोळी आणि चहासोबतची बिस्किटे यांवर कुत्री पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत असा युक्तिवाद वडीलधारी माणसे हमखास करतात, पण त्याच गल्लीतली किती पिल्ले मोठी झाली नाहीत याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. नुसत्या मांसावर किंवा नुसत्या दूध-भातावर वाढलेल्या पिल्लाची हाडे कच्ची राहतात. मात्र त्यावर उपाय म्हणून आपल्याच मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देणेही तितकेच वाईट. सहा आठवड्यांपर्यंत दूध हळूहळू बंद करून दिवसातून चार वेळा मऊ अन्न आणि सतत ताजे पाणी यावर यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडे कोणत्याही वयात देऊ नयेत. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधेही पिल्लाला घातक ठरतात.

जंतांविषयी वाट पाहू नये. गोल जंताच्या अळ्या गर्भातच आणि नंतर दुधावाटे आईकडून येतात, त्यामुळे रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पिल्लाच्या पोटात ते असतात, असेच गृहीत धरावे. हडकुळे अंग आणि फुगलेले पोट ही तब्येतीची नव्हे, बहुधा जंतांची खूण असते. दोन आठवड्यांचे झाल्यावर पहिला डोस, पुढे आठ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, असा सर्वसाधारण क्रम आहे. औषध आणि मात्रा वजनावर ठरते, म्हणून वही घेऊनच दवाखान्यात जावे. हेच जंत माणसाच्या मुलांनाही बाधतात, तेव्हा पिल्लाशी खेळून झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

पिसवा आणि गोचिडांचा प्रश्न क्षुल्लक नाही; एवढ्याशा पिल्लाचे रक्त पिसवांनी शोषले तर हिरड्या पांढुरक्या पडतात आणि ते त्यातच जाऊ शकते. तरीही मोठ्या कुत्र्यांसाठीची पावडर, मानेवर टाकायचे थेंब किंवा पट्टा यांचा वापर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या, तंबाखूचे पाणी हे घरगुती उपाय तर कधीच करू नयेत, कारण पिल्लू अंग चाटते आणि ते विष पोटात जाते. बारीक दातांची फणी फिरवून पिसवा काढाव्यात आणि साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात, गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, आणि अंग मळलेले असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. अंथरूण रोज बदलून गरम पाण्यात धुतल्याने निम्मे काम होते.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते. पार्व्हो, डिस्टेंपर इत्यादी रोगांवरील एकत्रित लस दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते, आणि रेबीजची लस तीन महिन्यांनी. एकाच इंजेक्शनने भागत नाही, याचे कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे लशीलाच निष्प्रभ करते आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. तोवर पार्व्हो हा सर्वांत मोठा शत्रू आहे. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि बुटांच्या तळव्यांवरून घरात येतो. म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बागेत किंवा रस्त्यावर जमिनीवर सोडू नये, बाहेरचे बूट दाराबाहेर ठेवावेत, आणि घरात पूर्वी एखादे पिल्लू या रोगाने गेले असेल तर फरशी पातळ केलेल्या ब्लीचने धुवावी, कारण फिनेलने हा विषाणू मरेलच असे नाही.

रेबीजबाबत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. ज्याच्या आईचा ठावठिकाणा माहीत नाही असे पिल्लू चावले किंवा त्याचे नख लागून रक्त आले, तर “एवढेसे तर पिल्लू आहे” म्हणून सोडून देऊ नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची जखमेवर लावू नये.

पहिल्या काही रात्री पिल्लू रडते. भूक, थंडी आणि तुंबलेले पोट या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. त्या नसतील तर ते एकटेपणाचे रडणे असते आणि खोका आपल्या पलंगाशेजारी आणून हात आत सोडला की बहुधा थांबते. यामुळे पिल्लू लाडावते असे कोणी म्हटले तर ऐकू नये. तीन आठवड्यांपासून सुमारे १२ ते १४ आठवड्यांपर्यंतचा काळ जग ओळखण्याचा असतो: या दिवसांत कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची घंटा, लहान मुले, काठी घेतलेले आजोबा आणि हेल्मेट घातलेला माणूस यांची शांतपणे ओळख झाली, तर पुढे तीच गोष्ट पाहून ते भुंकत सुटत नाही. लस अपुरी असली तरी त्याला कडेवर घेऊन गॅलरीत, जिन्यात किंवा रिक्षात नेता येते. मुलांनी पिल्लू नेहमी जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावे. उभ्याने उचललेले पिल्लू एकदा तरी हातातून सुटतेच.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच त्याला कागद अंथरलेल्या ठरावीक जागी नेऊन ठेवावे, तिथे शी-शू झाली की कौतुक करावे. भलत्या जागी झाल्यास नाक घासणे किंवा फटका मारणे निरर्थक आहे, कारण त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर करायची नाही. मग ते पलंगाखाली जाऊन करते. एकट्या वाढलेल्या पिल्लाला चाव्याचा जोर कळत नाही, कारण तो भावंडांकडून शिकायचा असतो. दात जोरात लागले की खेळ तिथेच थांबवून पाठ फिरवावी आणि हाताऐवजी जुन्या मोज्याची गाठ चघळायला द्यावी.

सलग दोन वेळा दूध नाकारणे, सतत क्षीण आवाजात कण्हणे, पांढुरक्या किंवा निळसर हिरड्या, उलटी, रक्ताचे किंवा विलक्षण दुर्गंधीचे जुलाब, घरघरणारा श्वास, झटके आणि जखमेत दिसणाऱ्या अळ्या यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. पिल्लू अगदी गळून गेले असेल, तर ग्लुकोजचे दाट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळावे, गरम पिशवीसह टॉवेलमध्ये गुंडाळावे आणि निघावे. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे पिल्लू घरात आल्याच दिवशी शोधून त्याचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा. गावात असाल तर जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळा विचारून घ्याव्यात.

पिल्लू स्वतःजवळ ठेवायचे नसेल तर आठ आठवडे पूर्ण झाल्यावर, निदान एक लस झाल्यानंतरच दुसऱ्याच्या घरी द्यावे. सोबत वजनांची वही, जंतांच्या औषधांच्या तारखा, चार दिवस पुरेल इतके त्याचे नेहमीचे खाद्य आणि ज्यावर ते झोपत होते तो गोधडीचा तुकडा न धुता द्यावा, म्हणजे नव्या घरातल्या पहिल्या रात्री त्याला ओळखीचा वास मिळेल. सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदीचा विषय पशुवैद्यांकडे काढण्याची आठवणही त्याच वहीत लिहून द्यावी.